ढवळ्यांचा ठोकळा

आत्माराम ढवळ्यांच्या रागाची ख्याती त्यांच्या गल्लीत अशी, की नळाला पाणी आलं नाही तर लोक नगर पंचायतीच्या आधी ढवळ्यांना कळवतात. ढवळे रागावले की काम होतं, हा लखनौजवळच्या बख्शी का तालाबमधल्या त्या गल्लीचा दहा वर्षांचा अनुभव आहे. ते आरडाओरडा करत नाहीत. शर्ट खोचतात, केस विंचरतात, स्कूटर काढून कचेरीत जातात आणि समोरच्याला नियमाचं कलम सांगत इतका वेळ शांतपणे बोलत बसतात की तो बिचारा जेवणाच्या सुट्टीआधी शरण येतो. गल्लीत त्यांना ‘वारंट साहब’ म्हणतात, कारण ते वायुसेनेतून ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. आपण एका माणसावर मात्र कधीच नीट रागावलो नाही, हे त्यांना सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. ते कसं कळलं, त्याची ही हकीकत.

ढवळे मूळचे जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचे. वडील शिंपी. शाळेचे गणवेश शिवायचे आणि शिवण चुकली तर गिऱ्हाइकासमोरच उसवायला घ्यायचे. मुलाने सुई हातात धरली नाही, अठराव्या वर्षी तो वायुसेनेत गेला. जोधपूर, तेजपूर, पुणे, आणि शेवटी बख्शी का तालाब. काम विमानाच्या सांगाड्याचं : पंख, चाकं, सीट, तारा. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही विमानाचा स्क्रू ढिला निघाला नाही, असं ते स्वतः सांगतात, आणि त्यांचे जुने अधिकारीही लग्नाकार्यात भेटले की तेच सांगतात.

निवृत्त झाल्यावर लोक सोसायटीचे सेक्रेटरी होतात किंवा मधुमेही होतात. ढवळे परीक्षेला बसले. नागरी विमानांच्या देखभालीचं लायसन मिळवायला एकामागून एक पेपर द्यावे लागतात, आणि समोर विशीतली पोरं असतात. ढवळे दोनदा नापास झाले, चौथ्या वर्षी पास झाले. पत्नी विनया तेव्हा निशातगंजमधल्या एका शाळेत गणित शिकवत होत्या. त्यांनी नवऱ्याची उजळणी पोरांसारखी घेतली होती. लायसन हातात आलं त्या दिवशी ढवळ्यांनी गल्लीत इमरती वाटली. वायुसेनेने दिलेला हुद्दा वायुसेनेकडे परत गेला, हे मात्र माझं मी मिळवलंय, असं ते म्हणाले होते.

त्या लायसनवर त्यांना नोकरी मिळाली ती वैमानिक घडवणाऱ्या एका खाजगी संस्थेत. नाव सांगून तिची जाहिरात कशाला करायची. शहरापासून तासाभराच्या अंतरावर तिची स्वतःची हवाई पट्टी आहे, दोन्ही बाजूंना शेतं. उन्हाळ्यात तिथे पेपरमिंटचं पीक असतं, इकडे त्याला मेंथा म्हणतात. सकाळी वारा आला की हँगरमध्ये गोळ्यांच्या बरणीत नाक घातल्यासारखा वास भरतो. चार छोटी विमानं, अडतीस विद्यार्थी, आणि गेटवर राजाराम नावाचा म्हातारा पहारेकरी. पहाटे धावपट्टीवर आलेल्या नीलगायी हाकलणं हे त्याचं पहिलं काम. माहितीपत्रकावर मात्र ढगांवर तरंगणारं पांढरंशुभ्र विमान आणि टाय लावलेली मुलं आहेत. नीलगाय नाही.

या छोट्या विमानात वैमानिकाची सीट दोन रुळांवर पुढेमागे सरकते, मोटारीतल्यासारखीच. रुळाला ओळीने भोकं असतात, सीटखालची पिन हव्या त्या भोकात पडली की सीट पक्की होते. संस्थेच्या दोन नंबरच्या विमानात पुढून तिसरं भोक झिजून लांबट झालं होतं, कारण उंचीने लहान मुलं सगळी तिथेच सीट लावत. पिन पडल्याचा ‘टक’ आवाज यायचा, पण ती अर्धीच बसायची. ढवळ्यांना हे फेब्रुवारीत दिसलं. त्यांनी मुख्य प्रशिक्षक कॅप्टन जयसिंग राणांना सांगितलं, की रूळ बदलायला हवा.

नियम साधा आहे. दोष दिसला की तो विमानाच्या नोंदवहीत लिहायचा, आणि लिहिला की दुरुस्ती होईपर्यंत विमान उडत नाही. नवा रूळ परदेशातून यायला तीन महिने. कॅप्टन राणा सुरेख बोलतात. त्यांनी ढवळ्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि अडतीस मुलांच्या उड्डाणाच्या तासांचं काय करायचं असं विचारलं. वहीत आत्ताच लिहू नका, रूळ मागवतो, तोवर जरा ‘देख लीजिए’. आपल्या देशात निम्म्या गोष्टी या दोन शब्दांवर चालतात आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्यामुळेच कोसळतात. रूळ कधीच मागवला गेला नाही. ढवळ्यांनी मात्र ‘देखलं’.

त्यांनी घरी बसून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा बनवला. चार बोटांएवढा, खाली रुळाच्या मापाची खाच, बाजूला दोन स्क्रू. सीट तिसऱ्या भोकात लावायची आणि मागे रुळावर हा ठोकळा आवळायचा, की पिन सुटली तरी सीट मागे जायची नाही. काम इतकं देखणं झालं होतं की विनयाबाईंनी तो पेपरवेट म्हणून मागितला. ढवळ्यांना तो आवडला होता, हेच वाईट झालं. दोष वहीत लिहायच्या ऐवजी त्यांनी तो इतक्या सफाईने झाकला की दोन महिन्यांत त्यांना स्वतःलाच विमान निर्दोष वाटायला लागलं.

दुसरी गोष्ट सहीची. रोज पहिल्या उड्डाणाआधी विमान तपासून कागदावर सही करायची असते. उन्हाळ्यात पहिलं विमान पावणेसहाला उडतं, कारण आठनंतर हवा तापून विमान हिंदकळायला लागतं. पावणेसहाच्या आधी तपासणी म्हणजे साडेचारला घर सोडणं. म्हणून संस्थेत रिवाज पडला होता की सकाळची सही आदल्या संध्याकाळी करून ठेवायची. रात्री विमान हँगरमध्ये कुलपात, त्याला काय होणार. तिथल्या तिघाही तंत्रज्ञांनी ते मानलं होतं. वायुसेनेत असं कोणी केलं असतं तर ढवळ्यांनी त्याला उभं चिरलं असतं. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात ते त्यावरून भांडले, दुसऱ्या महिन्यात कुरकुरले आणि तिसऱ्या महिन्यात संध्याकाळी सही करू लागले.

आता नेत्रा. नेत्रा निमकर मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहणारी, वडील सुबोध निमकर तिथे इंजिनियर. घरी मराठी, पण पोरगी जन्मापासून लखनौत वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. उंची चार फूट अकरा इंच. पाठीमागे उशी, खाली उशी आणि सीट तिसऱ्या भोकात, अशी ती विमानात बसायची. संस्थेतली पोरं तिला ‘तकिया’ म्हणून चिडवायची आणि ती त्यांना परीक्षेत मागे टाकायची. ढवळ्यांना ती काका म्हणे. तिच्या विमानाचा दरवाजा ते स्वतः लावून देत, आणि लावता लावता सीटमागे हात घालून ठोकळा चाचपून बघत. तिला वाटायचं काका उशी नीट करताहेत. ते तसंच वाटू देत.

मे महिन्यातल्या एका बुधवारी ढवळ्यांनी पाच वाजता दुसऱ्या दिवशीच्या कागदावर सही केली आणि ते घरी गेले. सहाला संस्थेच्या मालकांचे कोणी पाहुणे आले. पाहुणे मोठे होते, पदानेही आणि अंगानेही. त्यांना विमानातून गाव बघायचं होतं. दोन नंबरच्या विमानात त्यांना प्रशिक्षकाच्या सीटवर बसवलं आणि कॅप्टन राणा स्वतः विद्यार्थ्याच्या सीटवर बसले. राणांचे गुडघे मावेनात, कारण ठोकळ्यामुळे सीट मागे जाईना. त्यांनी राजारामकडून स्क्रू ड्रायव्हर मागवला, ठोकळा काढला आणि पाहुण्यांना फिरवून आणलं. खाली उतरल्यावर फोटो झाले, समोसे झाले. ठोकळा कामाच्या टेबलावर पक्कडीशेजारी पडून राहिला. तो परत बसवायचा असतो हे राणांना माहीत होतं. विसरले. माणूस विसरतो, ते एक वेळ समजू शकतं. पुढे जे केलं ते विसरण्यातलं नव्हतं.

गुरुवारी पावणेसहाचं पहिलं उड्डाण नेत्राचं होतं. ढवळे गेटमधून स्कूटर आत घेत होते तेव्हा ती एकटीच दोन नंबरचं विमान घेऊन धावपट्टीवर निघाली होती. इंजिनाचा आवाज चढला. विमान सरळ धावत होतं, छान धावत होतं, ढवळ्यांनी सवयीने मनात वेग मोजला. नाक उचलायची वेळ आली आणि नाक उचललं गेलं, पण कोणी मागून हिसका दिल्यासारखं, नको इतकं वर. मग विमान डावीकडे वळायला लागलं. उजवा पाय दाबून ते सरळ ठेवायचं असतं, आणि तो पाय तिथे नव्हताच. डावा पंख खाली गेला, जमिनीला लागला, विमान गरकन फिरलं आणि मेंथाच्या शेतात जाऊन नाकावर बसलं. ढवळ्यांनी स्कूटर तशीच टाकली. धावत असताना त्यांच्या डोक्यात एकच शब्द होता, सीट.

नेत्रा शुद्धीवर होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कपाळावरून रक्त येत होतं, आणि ती पुन्हा पुन्हा सांगत होती, “काका, सीट पीछे चली गई.” पेट्रोल आणि चुरडलेला मेंथा यांचा वास एकत्र येत होता. कॅप्टन राणा दुसऱ्या बाजूने पोहोचले, आणि तिला बाहेर काढायच्या निमित्ताने पहिल्यांदा त्यांनी काय केलं, तर सीट पुढेमागे सरकवली. आता ती मुळात कुठे होती हे कोणाला सांगता येणार नव्हतं. ढवळ्यांची नजर मात्र दुसरीकडे गेली. पेट्रोलची कळ बंद होती. इंजिनाचे स्विच बंद होते. मोडक्या हाडाच्या त्या पोरीने आग लागू नये म्हणून सगळं एकेक करून बंद केलं होतं.

नेत्राला इस्पितळात पाठवून ढवळे हँगरमध्ये आले तेव्हा त्यांना टेबलावर ठोकळा दिसला. राजारामने कालचं सगळं सांगितलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

दुपारी दिल्लीला विमान खात्याकडे संस्थेचा पहिला अहवाल गेला : उड्डाणाच्या वेळी विद्यार्थिनी घाबरली आणि तिचा विमानावरचा ताबा सुटला. ढवळ्यांनी तो राणांच्या टेबलावर उलटा वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाबरली. घाबरलेलं माणूस पेट्रोलची कळ बंद करतं का? उंच मुलाच्या हातून विमान भरकटलं की ते ‘तांत्रिक’ असतं, आणि चार फूट अकरा इंचाच्या मुलीच्या हातून भरकटलं की ती घाबरलेली असते. त्या एका शब्दाचा अर्थ काय होतो ते संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. ताबा सुटल्याचा ठपका कायम झाला तर नेत्राचं नाव कापलं जाणार, आणि ‘उड्डाणास अयोग्य’ असा शेरा घेऊन फिरणाऱ्या मुलीला दुसरी कोणतीही संस्था दारात उभं करत नाही. तेवीस वर्षांच्या पोरीने आयुष्यात दुसरं काही ठरवलेलं नव्हतं.

ढवळ्यांनी ठोकळा राणांच्या टेबलावर ठेवला. राणांनी तो उचलून पाहिला. रागावले नाहीत.

“ढवळे जी, ये चीज़ किसी काग़ज़ पर है?” त्यांनी विचारलं.

नव्हती.

“जो काग़ज़ पर नहीं, वो जहाज़ में थी ही नहीं. और काग़ज़ पर जो है, वो आपके दस्तख़त हैं.”

एवढं बोलून त्यांनी ठोकळा परत दिला. हे सगळ्यात चीड आणणारं. लपवला असता, फेकला असता, तर त्यांना निदान भीती वाटते असं तरी झालं असतं. ठोकळा ढवळ्यांच्या हातात ठेवून त्यांनी सांगितलं, की हा तुमच्याच गळ्यातला धोंडा आहे, हवा तर दाखवा जगाला. आणि ते खरं होतं. दोष वहीत लिहिला नाही, तो ढवळ्यांनी. परवानगी नसलेली वस्तू विमानात बसवली, ती ढवळ्यांनी. न बघितलेल्या सकाळची सही केली, ती ढवळ्यांनी. राणांनी फक्त ‘देख लीजिए’ म्हटलं होतं, आणि ते कोणत्याही कागदावर नव्हतं.

ढवळे त्या दिवसापासून घरात चिडून वावरू लागले. राणांवर, मालकांवर, त्या पाहुण्यांवर, दिल्लीवर, सगळ्या व्यवस्थेवर. जेवताना व्यवस्था, भाजी आणताना व्यवस्था. विनयाबाईंनी आठवडाभर ऐकून घेतलं. नवव्या दिवशी त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “तुम्ही तिघांवर रागावलात. चौथा कोण ते मला दिसतंय, तुम्हाला दिसत नाहीये.” ढवळे ताटावरून उठले नाहीत, पण पुढची पोळी त्यांनी घेतली नाही.

दिल्लीहून चौकशीला धनंजय त्रिपाठी नावाचे अधिकारी आले. सडपातळ, चष्मा, कमी बोलणारे. मोडकं विमान हँगरच्या कोपऱ्यात टेकूवर उभं होतं. राणांची साक्ष तासभर चालली, बाहेर आले तेव्हा त्यांनी ढवळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ढवळ्यांनी तो हात बाजूला केला. मग शर्ट खोचला, केस विंचरले आणि आत गेले. साक्ष कागदावर द्यायच्या आधी विमानात बसून बघा, अशी त्यांनी त्रिपाठींना विनंती केली.

त्रिपाठी उंचीने बेताचेच होते. सीट तिसऱ्या भोकात लावली, ‘टक’ आवाज आला. पक्की आहे ना, ढवळ्यांनी विचारलं. त्रिपाठींनी हलवून पाहिली आणि मान डोलावली. मग पाय पुढच्या पेडलांवर ठेवायला सांगितले, हातात दांडा धरायला सांगितला, आणि ढवळ्यांनी मागून सीटला दोन्ही हातांनी ओढ दिली. पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला सीट सरकन मागे गेली आणि सरकारी अधिकाऱ्याचे दोन्ही पाय हवेत राहिले. तोल सावरायला माणूस हातातलं काहीतरी घट्ट ओढून धरतो. त्रिपाठींनी दांडा छातीपर्यंत ओढला होता. उडत्या विमानात असा दांडा ओढला तर नाक कुठे जातं, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

त्यांनी दांडा सोडला. मग ढवळ्यांनी खिशातून ठोकळा काढून पुढे केला.

“ये किसने लगाया था?”

“मैंने.”

“किससे पूछकर?”

“किसी से नहीं.”

“निकाला किसने?”

ढवळ्यांनी राणांचं नाव सांगितलं, राजारामचंही सांगितलं. त्रिपाठींनी तपासणीचा कागद काढला. त्या दिवशी सकाळी विमान बघितलं होतं का, एवढंच विचारलं. ढवळे म्हणाले की सही आदल्या संध्याकाळची आहे, आणि नेहमीच आदल्या संध्याकाळची असते.  आपण मोठं काही करतो आहोत अशी ऊब त्यांना छातीत जाणवत होती. घरी जाताना त्यांनी स्कूटरवर गाणंही गुणगुणलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

अंतिम अहवाल ऑगस्टमध्ये आला. सीट सरकल्यामुळे ताबा सुटला, विद्यार्थिनीचा दोष नाही, तिने प्रसंगावधान राखलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. झिजलेला रूळ, नोंद न करणं, परवानगीशिवाय बसवलेली वस्तू आणि आगाऊ सही ही कारणंही लिहिली होती. ढवळ्यांचं लायसन दोन वर्षांसाठी निलंबित. साठीच्या उंबरठ्यावर दोन वर्षं म्हणजे कायमचंच. कॅप्टन राणांना लेखी समज. मालकांचं अहवालात नावच नव्हतं. पाहुणे तर हवेतूनच उतरलेले, त्यांना जमिनीवरचं काय लागतं. गल्लीतल्या लोकांनी ढवळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांनी मिळून राणांना शिव्या घातल्या. ढवळ्यांना ते बरं वाटलं. आपण एका पोरीसाठी आयुष्याची कमाई दिली, हे वाक्य त्यांनी स्वतः उच्चारलं नाही, पण कोणी उच्चारलं की अडवलंही नाही.

त्या रविवारी ते आणि विनयाबाई मानक नगरला निमकरांकडे गेले. सुबोध निमकरांनी दारातच त्यांचे दोन्ही हात धरले. कांदेपोहे झाले, चहा झाला. नेत्रा आतून आली. हाताची झोळी निघाली होती, डावा खांदा अजून जपून धरत होती. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि आभाराचा शब्द न बोलता तिने विचारलं :

“काका, वो आपने मेरे लिए लगाया था?”

“तुझ्यासाठी, आणि तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठी,” ढवळे म्हणाले.

“तो मुझे बताया क्यों नहीं?”

ढवळ्यांनी सांगितलं की सांगून उपयोग काय होता, उगाच तुझ्या मनात भीती बसली असती. बोलून झाल्यावर त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं. 

“बताया होता तो मैं उस सुबह पीछे हाथ लगाकर देख लेती,” नेत्रा म्हणाली. “दो सेकंड लगते. आप रोज़ देखते थे, मैं समझती थी तकिया ठीक कर रहे हैं. कैप्टन सर को पता था, आपको पता था, चौकीदार को पता था. जो उसमें बैठती थी, बस उसको पता नहीं था.”

सुबोध निमकर म्हणाले, “नेत्रा, अगं, काकांनी तुझ्यासाठी…” तिने वडिलांकडे पाहिलं आणि ते थांबले. ती ओरडत नव्हती. शांतपणे, एकेक मुद्दा समोर ठेवत बोलत होती, आणि ढवळ्यांना ती बोलण्याची रीत ओळखीची वाटली. आजवर ते नेहमी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असत. विनयाबाई कप हातात धरून बसून राहिल्या. तीन महिने ढवळ्यांना उभं ठेवणारा राग त्यांनी शोधून पाहिला, राणांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला. तो राग अजून खरा होता, पण या खोलीत त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांना लाज वाटली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतकी लाज त्यांना वाटली नव्हती.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुला सांगायला हवं होतं. त्याआधी वहीत लिहायला हवं होतं.”

नेत्राने मान हलवली. ठीक आहे असंही म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. मग तिने विचारलं, “बाकी तीन जहाज़?”

ढवळ्यांना आधी कळलं नाही.

“रिपोर्ट दो नंबर की है. बाकी तीन रोज़ सुबह उड़ रहे हैं. मेरे साथवाले उड़ा रहे हैं. उनमें भी आपने ऐसे ही कुछ देखा होगा.”

तीन महिने. तीन महिने हा माणूस अन्यायावर बोलत होता, आणि रोज पावणेसहाला ती तीन विमानं त्या पट्टीवरून उठत होती. त्यांच्या मनात ते एकदाही आलं नव्हतं. आलं असेल तर त्यांनी ते बसू दिलं नव्हतं.  ढवळ्यांनी निमकरांकडे कागद मागितला. लिहायला घेणार तोच नेत्राने वही पुढे ओढली. तुम्ही बोला, मी लिहिते, म्हणाली. उजवा हात शाबूत होता. खाली नाव आणि सही मात्र तुमची, आणि उद्या सकाळी हे त्रिपाठी साहेबांना गेलं पाहिजे. ढवळ्यांनी हो म्हटलं.

ते डोळे मिटून एकेक विमान आठवत सांगू लागले. एक नंबरच्या विमानात उजव्या ब्रेकची नळी पाझरते, पट्टी गुंडाळून ठेवली आहे. त्याच विमानाचा दरवाजा हवेत उघडतो, आतून तार बांधली आहे. तीन नंबरच्या पुढच्या चाकाला वेग घेताना थरथर येते, तात्पुरता वायसर घातला आहे. चार नंबरच्या विमानात डाव्या टाकीचा पेट्रोलचा काटा अडकतो. टाकी रिकामी झाली तरी तो अर्धी भरलेली दाखवतो, टिचकी मारली की खाली येतो. ती टिचकी ते स्वतः रोज मारत.

नेत्राचा हात चौथ्या ओळीवर थांबला.

“चार नंबर तो मार्च में मैं सीतापुर तक अकेली ले गई थी,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” ढवळे म्हणाले. तिने पुन्हा पेन टेकवेपर्यंत ते थांबले, आणि मग पाचवी गोष्ट सांगू लागले.